लेनार्टचं पुढचं चाक

लेनार्ट मार्चमध्येच गेला होता, पण सुपिरियर सरोवराच्या या काठावर मार्चमध्ये कुणाला पुरता येत नाही. जमीन गोठून दगड झालेली असते. पेटी मेपर्यंत दफनभूमीच्या कोठडीत पडून राहते आणि तोवर माणसं रडून मोकळी होतात. अर्वो रडलाही नव्हता आणि मोकळाही झाला नव्हता.

आज सकाळी दफन होतं. खाणीतल्या जुन्या मंडळींची रीत अशी, की मोटारसायकलवाला गेला तर त्याची गाडी पेटीच्या पुढे न्यायची, इंजिन बंद ठेवून, हातांनी ढकलत. आणि लेनार्टच्या गाडीचं पुढचं चाक तसूभर हलत नव्हतं. ब्रेकचा कॅलिपर, चाकाची डिस्क आवळणारा चिमटा, आतून जाम झाला होता. चार जणांनी रेटलं तर गॅरेजच्या फरशीवर टायरचा काळा ओरखडा तेवढा उमटला.

म्हणून लेनार्टच्या बायकोनं, मार्लिसनं, अर्वोला फोन केला. लेनार्टला कर्करोग झाल्याचं कळलं तेव्हापासून अर्वो या घराची पायरी चढला नव्हता. आयुष्यभर दोघं खाणीत एकाच पाळीला. दर वर्षी पहिल्या बर्फाआधी याच गॅरेजात दोघं मिळून गाड्या धुवायचे, ब्रेक उघडून साफ करायचे आणि हिवाळ्यासाठी झाकून ठेवायचे. आणि दोस्त अंथरुणाला खिळला तर हा पठ्ठ्या फिरकला नाही. कारण काही मोठं नव्हतं. भ्याला. हाडं वर आलेला लेनार्ट बघवणार नाही म्हणून आज-उद्या करत राहिला, आणि माणूस गेला.

"काढूनच टाक ना तो ब्रेक," मार्लिस दारातून म्हणाली. काळ्या पोशाखावर तिनं स्वयंपाकाचा ॲप्रन बांधला होता. "ढकलायचीच तर आहे."

"वाटेत उतार आहे. सुटली तर थेट पाद्रीबाबांच्या अंगावर."

"लेनार्ट खूश झाला असता."

अर्वोला हसू आलं. उतार हा बहाणा होता. त्याला दोस्ताचं एवढं एक काम तरी धड करायचं होतं.

त्यानं बोल्ट काढले, ठोकून ठोकून कॅलिपर डिस्कवरून सोडवला. आत दोन पिस्टन. लिव्हर दाबला की एक निमूट पुढे यायचा, दुसरा ढिम्म. तेल सोडलं, गरम केलं, तरी ढिम्म. शेवटी त्यानं चालत्या पिस्टनला शिकंजा लावला, ब्रेकच्या नळीच्या भोकात ग्रीसगन जोडली आणि दांडा मारत राहिला. हवा मारली तर पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोटं जातात. ग्रीस सावकाश रेटतं. दांडा जड होत गेला, आत कट्ट झालं, आणि पिस्टन कुरकुरत बाहेर आला.

नुसती उभी राहिलेली गाडी तांबडी गंजते. इथे रबराच्या कडेला पांढरा थर साचला होता. अर्वोनं तो नखानं खरवडून जिभेला लावला. खारट. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात ते मीठ. हा पिस्टन लेनार्टच्या आजारपणाआधी अर्वोनंच पुसून बसवला होता. आणि हिवाळ्यात इथे वेडासुद्धा मोटारसायकल बाहेर काढत नाही.

मार्लिस कॉफी आणि वेलदोड्याचा पाव घेऊन आली.

"ही हिवाळ्यात कुणी चालवली?" त्यानं विचारलं.

तिनं कप बाकावर ठेवला. "सांगू नको म्हणाला होता. आता काय त्याचं! जानेवारीत मी ट्रक घेऊन बहिणीकडे गेले होते. येऊन बघते तर गाडीखाली पाण्याचं थारोळं, आणि हा बुटांसकट पलंगावर. ओठ निळे पडलेले. अशी ओरडले म्हणतोस त्याच्यावर! दोन्ही पाय बर्फात घासत गेला होता मेला."

"कुठे?"

"कुठे म्हणजे? तुझ्याकडे."

अर्वोला ती संध्याकाळ आठवली. फाटकाशी इंजिन धडधडत होतं. मार्लिसचा भाचा बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलवरून लेनार्टकडे बोलवायला आला असणार, असं त्यानं गृहीत धरलं. खिडकीशी जाऊन बघितलंही नाही. उठून स्वयंपाकघरातला दिवा मालवला आणि आवाज जाईपर्यंत अंधारात बसून राहिला.

"म्हणाला, अर्वो घरी नव्हता, दिवा बंद होता," मार्लिस सांगत होती. "त्याला कळवू नकोस, उगाच जिवाला लावून घेईल."

लेनार्ट आला तेव्हा दिवा चालू होता. तो त्याच्या डोळ्यांदेखत बंद झाला होता. अर्वोला आता हुंदका आवरेना, आणि मार्लिसला वाटलं, चला, रडला एकदाचा. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. खरं काय ते सांगायला त्याचं तोंड उघडलं नाही.

त्यानं सगळं ग्रीस धुऊन काढलं, पिस्टन घासला, नवी रबरं बसवली, नवं ब्रेकऑइल भरलं. चाक फिरलं.

दफनभूमीची वाट अर्वोच्या फाटकावरून जाते. हँडल त्याच्याच हातात होतं. उतारावर, फाटकाच्या बरोबर समोर, त्यानं लिव्हर दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. मागे पेटी थांबली, माणसं थांबली.

"काय झालं रे अर्वो?" मागून कुणीतरी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. "ब्रेक बघतोय."

स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत तो जरा वेळ तसाच उभा राहिला, मग त्यानं लिव्हर सोडला.