पाठकोरं पान

छापखान्यात तिला सगळे लालताई म्हणत. मुद्रितं तपासायचं काम, त्यामुळे लाल पेन कायम कानामागे. बावीस वर्षांत तिने हजारो चुका पकडल्या होत्या, आणि आज आयुष्यातली सर्वांत मोठी चूक तिची स्वतःची होती. हे तिला कळलं तेव्हा ती नगरपालिकेच्या सभागृहात पाचव्या रांगेत बसली होती आणि समोर अध्यक्षबाई भाषण वाचायला उभ्या राहिल्या होत्या.

झालं होतं असं. लालताईला लिहायचा नाद होता. छापखान्यातले पाठकोरे कागद ती पिशवीत टाकायची आणि जेवणाच्या सुट्टीत वाचनालयाच्या वाचनकक्षात बसून त्यांवर मनात येईल ते लिहायची. वाचलेलं पुस्तक, चुलीवर उतू गेलेलं दूध, निवडणूक, काहीही. नवा विषय घेतला की पानांवर एकपासून गोलात आकडे घालायची. ते कुणाला दाखवायची नाही. देवापुढे मन मोकळं करावं, तसं तिचं ते लिहिणं.

आज सभेत तोच वाचनकक्ष बंद करून तिथे पालिकेची कचेरी थाटायचा प्रस्ताव होता. अध्यक्षबाईंचं भाषण ठळक अक्षरांत छापायचं काम तिच्याच छापखान्यात आलेलं. सकाळी पालिकेतून निरोप आला, "दुसरं पान बदललंय, हाताने लिहून पाठवतोय, तेवढं नवीन घाला." कागद आला. लालताईने टेबलावरचं दोन नंबरचं पान उचलून अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याकडे दिलं. जुळारी घाईत, पालिकेची गाडी दारात उभी, तपासायला वेळ कुणाला होता?

आणि आता घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून तिने पिशवीत हात घातला, तर हाताला लागलं पालिकेचं हस्तलिखित पान. दोन नंबरचं. जसंच्या तसं.

"अगं बाई गं!" ती एवढ्या जोरात म्हणाली की शेजारी बसलेल्या नणंदेने दचकून तिचा दंड धरला.

"काय झालं वहिनी? पाकीट मारलं का कुणी?"

"पाकीट गेलं असतं तर परवडलं असतं! मी जुळाऱ्याला माझंच पान दिलं आणि हे पिशवीत टाकलं. माझंही दोनच नंबरचं होतं!"

"म्हणजे आता त्या बाई तुमचं वाचणार?" नणंदेचे डोळे लकाकले. "काय लिहिलंय त्यात?"

"विचारू नकोस."

"माझ्याबद्दल आहे?"

"तुझ्याबद्दल असतं तर निदान घरातल्या घरात भांडण झालं असतं!"

लालताई उठू लागली. पण दोन रांगा पुढे छापखान्याचे मालक बसले होते, रुंद पाठीचे. त्यांची पाठ दिसताच ती पुन्हा खाली बसली. नोकरी जाणार. वाचनकक्षही जाणार. देवा, एकाच दुपारी दोन्ही?

अध्यक्षबाईंनी पहिलं पान संपवलं. सगळ्यांना ठाऊक होतं, या बाई भाषण आधी चाळत नाहीत. समोर येईल ते खाली मान घालून एका लयीत वाचत जातात. पान उलटलं.

"पंख्याखालची खुर्ची म्हाताऱ्या पोस्टमनची," अध्यक्षबाई वाचू लागल्या. "ते रोज दहा पानं वाचतात आणि खूण म्हणून बसचं तिकीट ठेवतात. खिडकीजवळ शिवणकाम करणारी बाई बसते. ती मोठी झाल्यावर अक्षरं शिकली. वाचताना तिचे ओठ हलतात, आणि गमतीची जागा आली की आधी ओठ हसतात, मग ती."

सभागृहात कुजबुज झाली. सचिव खुर्चीतून अर्धवट उठला. अध्यक्षबाई वाचतच होत्या.

"राजकारण मला फारसं कळत नाही. पण वाचक मोजायला पालिकेचा कारकून दुपारी बाराला आला आणि कक्ष उघडतो एक वाजता. त्याने कुलपाकडे बघून 'वाचक शून्य' लिहिलं. आता सभेत तेच शून्य वाचलं जाईल."

"अहो बाई, थांबा!" सचिव पुटपुटला. "हे आपलं नव्हे!"

पण वाचायची लय लागली की बाईंना थांबणं जमत नसे.

"वाचतील आमच्या अध्यक्षबाई. स्वभावाने चांगल्या आहेत. पण भाषण वाचताना एकदाही मान वर करत नाहीत. केली असती, तर समोर कोण बसलंय ते त्यांना दिसलं असतं."

आणि अध्यक्षबाईंनी मान वर केली.

लालताईने पिशवी छातीशी घट्ट धरली.

"हे कुणी लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

नणंदेने कोपराने ढोसलं. "उठा वहिनी! नाहीतर मी सांगते मीच लिहिलं म्हणून, आणि सगळं कौतुक मी खाते!"

लालताई उठली. आवाज, आश्चर्य म्हणजे, खणखणीत निघाला. "मी लिहिलंय. चुकून गेलं तुमच्याकडे. पण लिहिलंय त्यात खोटं काही नाही."

"कक्ष एकला उघडतो?"

"हो. सहापर्यंत."

अध्यक्षबाई क्षणभर समोर बघत राहिल्या. "तिथे कोण कोण जातं? हात वर करा बघू."

पोस्टमनचा हात वर गेला. मग शिवणकाम करणाऱ्या बाईचा. मग इकडून दोन, तिकडून चार, मागच्या भिंतीशी उभी असलेली अख्खी रांग! लालताई मान वळवून वळवून बघत होती आणि तिला रडू येत होतं की हसू, तिचं तिलाच कळेना. इतकी माणसं! रोज खाली मान घालून वाचताना तिने तरी कुठे मोजली होती?

"सचिव," अध्यक्षबाई म्हणाल्या, "प्रस्ताव आज मांडायचा नाही. उद्या एक वाजता मी स्वतः तिथे जाते. पुढची पानं ठेवा तुमच्याकडेच."

टाळ्या अशा पडल्या की नणंद खुर्चीवरच चढली.

त्या गोंगाटात ती रुंद पाठ वळली. मालक रांगा ओलांडत थेट लालताईपुढे येऊन उभे राहिले. तिने डोळे मिटले.

"बावीस वर्षं माझ्या छापखान्यात," ते म्हणाले, "आणि लिहितेस रद्दीच्या पाठीवर? उद्यापासून पाठकोरे कागद बंद."

"म्हणजे... मी येऊ नको?"

"ये ना! वेळेवर ये. कोरी वही देतो. आणि जुळाऱ्याकडे पान देताना आधी मला दाखव, बाई. माझ्याबद्दल कुठल्या नंबरला लिहिलंयस देव जाणे!"

लालताईने पिशवीतून एक कागद ओढून काढला, कानामागचं लाल पेन काढलं आणि सगळ्यांच्या देखत, तिथेच गुडघ्यावर कागद ठेवून वर गोलात आकडा घातला. तीन.