दाबायचं हँडल

मास्तरांच्या पायाला सकाळपासून भिंगरी लागली होती. पुढच्या खोलीतून बाथरूमच्या दारापर्यंत, तिथून उंबऱ्यापर्यंत, उंबऱ्यावरून रस्त्यावर एक नजर आणि परत आत. घर ते केवढं? पुढे शिवणकामाची खोली, मागे स्वयंपाकघर, एका अंगाला झोपायची खोली. त्यात माणूस चालून चालून किती चालणार? पण मास्तर चालत होते आणि चालता चालता सुताराला फोन लावत होते.

सुताराने शेवटी फोन उचलला.

"मास्तर, आज काही जमत नाही बघा. उद्या सकाळी पक्कं."

"परवाही तू उद्याच म्हणाला होतास."

"तुमच्याकडूनच शिकलो," सुतार म्हणाला आणि हसला. त्याची पँट मास्तरांकडे कधीपासूनची कापून पडली होती, त्यामुळे मास्तरांना पुढे बोलायला तोंड राहिलं नाही.

शिंप्याने जन्मभर जगाला 'उद्या' सांगायचं आणि एक दिवस सुताराने ते शिंप्याला सांगायचं, यात तसा अन्याय काही नाही. पण मास्तर आज न्यायनिवाड्याच्या मनःस्थितीत नव्हते. दुपारी त्यांची बायको हॉस्पिटलमधून घरी येणार होती आणि बाथरूमच्या दाराचं हँडल धड नव्हतं.

तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. पाय आता काठीच्या आधाराने चालायला लागला होता, पण उजवा हात नुसता खांद्यातून आणि कोपरातून हलायचा, बोटं काही वळत नव्हती. डावा हात काठीत अडकलेला. आणि घरातलं हँडल म्हणजे एक गोल पितळी लट्टू, तोही झिजून झिजून आतून सुटलेला. नुसता फिरवला तर गरगर फिरत राही. मुठीत घट्ट धरून, दार पुढे रेटून, मग पिळला तर कुठे खटका मागे जायचा. धडधाकट माणसालाही दोन हात लागायचे, तिथे तिचं काय चालणार?

हॉस्पिटलमध्ये मात्र दारांना लांब आडवी हँडलं होती. कोपराने खाली दाबलं की दार उघडलं. ज्या दिवशी तिने पहिल्यांदा असं एकटीने दार उघडलं, त्या दिवशी ती मास्तरांशी दुसरं काही बोललीच नाही. दाराचंच पुराण.

लेक परगावी राहायची. आईला घेऊन जायचं, हे तिने कधीच ठरवून टाकलं होतं. तिच्याकडे हाताखाली बाई होती, घरातली सगळी दारं नवी होती आणि बापाच्या संसारी अकलेवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. मायलेकींची बरीच ओढाताण झाल्यावर बायकोने आपला निकाल सांगितला होता. "आधी घरी जाऊन बघते. माझं मला बाथरूमला जाता आलं तर राहते. नाही तर तशीच हिच्याबरोबर जाते. ऊठसूट हाका मारत जगायचं नाही मला."

मास्तरांनी तिथल्या तिथे पडदा लावायचं सुचवलं. शिंप्याला दुसरं काय सुचणार? बाथरूमचं दार उघडतं ते थेट शिवणकामाच्या खोलीत, जिथे गिऱ्हाइकं मापं द्यायला हात पसरून उभी असतात. बायकोने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की तो विषय पडद्याविनाच मिटला. मग 'राहा' एवढा एक शब्द म्हणायला हवा होता. तो सोडून ते म्हणाले, "बघ, तुला सोयीचं पडेल तसं." घरी येईपर्यंत त्यांना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटत होती. तिच्यावाचून हे घर त्यांना दोन दिवसही सोसवणारं नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. तिला ठाऊक होतं की नाही, कुणास ठाऊक.

नवं हँडल तेवढं आणून ठेवलं होतं. मास्तरांनी खोक्यातून ते काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर सारल्या. सुतार गेला उडत, आपला हात जगन्नाथ.

जुना लट्टू निघायला वेळ लागला नाही. खरं म्हणजे तो निघायलाच टेकला होता. पण नव्या खटक्याची नळी जुन्यापेक्षा जाड निघाली. दाराच्या कडेचं भोक मोठं करायला हवं होतं. मास्तरांनी कपडे आखायचा खडू घेतला, नळी भोकावर धरली आणि तिच्याभोवती सुरेख गोल काढला. आखणीत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. मग शेजारून मागून आणलेली पटाशी घेतली आणि बेताने लाकूड तासायला सुरुवात केली.

काम छान चाललं होतं. हात असा सवयीने चालायला लागला की मास्तरांना जरा बरं वाटायचं. मध्येच उठून ते रस्त्यावर नजर टाकून आले, परत बसले, परत तासलं. शेवटी नळी भोकात घातली, तर ती सरळ आत जाऊन डुगडुगायला लागली.

मास्तर बघतच राहिले. मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कापडावर रेघ मारली की कात्री रेघेच्या बाहेरून चालवायची, शिवणीला थोडी माया सोडायची, ही त्यांच्या हाताची जन्माची सवय. हाताने इथेही इमानेइतबारे तेच केलं होतं, पटाशी रेघेच्या बाहेरून चालवली होती. कापडाला माया सोडली तर ती दुमडता येते. भोकाला सोडलेली माया दुमडणार कुठे?

"नाचता येईना अंगण वाकडं," असं म्हणायला घरात कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ते स्वतःच स्वतःला ऐकवलं. पण रडत बसायला वेळ नव्हता. त्यांनी कॉलरमध्ये घालायचं जाड कॅनव्हास काढलं, त्याच्या पट्ट्या कापल्या, डिंक लावून नळीभोवती घट्ट गुंडाळल्या आणि ती ठोकून भोकात बसवली. आता ती तसूभर हलेना. सुताराने पाहिलं असतं तर हसून गडाबडा लोळला असता, पण काम झालं होतं.

पुढचं सोपं होतं. चौकोनी सळई नळीतून आरपार घालायची, तिच्या एका टोकाला बाहेरचं हँडल, दुसऱ्या टोकाला आतलं, आणि दोन्ही निसटू नयेत म्हणून प्रत्येकाला एकेक बारीक स्क्रू पिळायचा. बाहेरचा त्यांनी पिळला. आतला ओठांत धरला, कारण हाताने काम करताना बारीक टोकदार वस्तू ओठांतच धरायची असते, हे टाचण्यांनी त्यांना शिकवलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. मास्तर धडपडत पुढच्या खोलीत गेले.

"बाबा, निघालो आम्ही," लेक म्हणत होती. "ऐकताय ना?"

"हं."

"हं काय? नीट बोला. सुतार येऊन गेला का?"

नीट बोलण्यासाठी मास्तरांनी तोंडातली वस्तू टाचण्यांच्या डबीत काढून ठेवली. टाचण्या तिथेच काढून ठेवायच्या असतात. "सगळं झालंय," ते म्हणाले. "तू तिला सावकाश आण. गतिरोधक आला की गाडी हळू घ्यायला सांग."

फोन ठेवल्यावर तर त्यांचा जीव थाऱ्यावरच राहिला नाही. त्यांनी फरशीवरचा भुसा झाडला. दार बाहेरून लोटून उजवा हात लुळा सोडला आणि कोपराने हँडल दाबून पाहिलं. उघडलं. काठी धरल्यासारखा डावा हात खाली घेऊन परत दाबलं. उघडलं. मग पाय ओढत, तिरकं उभं राहून, तिच्या उंचीइतकं वाकून, ती जशी येईल असं त्यांना वाटत होतं तसं येऊन दाबलं. प्रत्येक वेळी उघडलं.

आता आतून. ते आत गेले, दार लावून घेतलं आणि कोपर टेकवून हँडल दाबलं. हँडल सळईवरून सुटलं आणि खणकन फरशीवर पडलं.

टाचण्यांच्या डबीतला स्क्रू त्यांना तेव्हा आठवला.

त्यांनी हँडल उचलून परत सळईवर चढवलं. ते लंगडत बसलं आणि दाबताच पुन्हा हातात आलं. सळईचं टोक बाहेर आलं होतं ते नखाएवढं. बोटांनी पिळून पाहिलं, टॉवेल गुंडाळून पाहिलं, कंगव्याचे दात लावून पाहिले. कंगव्याचे दात गेले. पक्कड बाहेर होती, फोन बाहेर होता, पुढचं दार सताड उघडं होतं आणि मास्तर आत होते. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले, लगेच उठले, कान दाराला लावला, परत बसले.

टॅक्सी आल्याचं त्यांनी ऐकलं. दारं उघडल्याचं, मिटल्याचं, मग काठीचा आवाज आणि त्यामागे पाय ओढल्याचा.

"बाबा?" लेकीने हाक मारली. मास्तर बादलीवरून उठले, पण लाजेने त्यांना ओ देववेना.

"बघ आई. दुकान उघडं टाकून कुठेतरी गेलेत. तू घरी येणार हे माहीत असून. उद्या तुला असंच टाकून जातील तेव्हा?"

काठी उंबऱ्याच्या आत येऊन थांबली.

"टॅक्सी सोडत नाही मी," लेक म्हणाली. "तुझी बॅगही त्यातच राहू दे. थोडं बस आणि निघू."

"मी इथे आहे," मास्तर आतून म्हणाले.



"बाथरूममध्ये? मग बाहेर या ना, बाबा."

"येता येत नाहीये."

लेकीचे पाय झपाझप दाराकडे आले. पण त्यामागून बायकोचा आवाज आला, "तू थांब. मी बघते." काठी खोलीतून हळूहळू येऊ लागली. मास्तरांनी हातातलं हँडल घट्ट धरलं. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"आतून नाही उघडत," ते दाराला तोंड लावून म्हणाले. "तुझ्यासाठी बसवत होतो गं. हातात आलं माझ्या."

काठी थांबली. ती दाराच्या पलीकडे उभी होती, श्वास ऐकू येत होता. समोर चेहरा नव्हता, नुसती फळी होती, म्हणून असेल, पण मास्तरांच्या तोंडून एकदम सगळं बाहेर पडलं.

"जाऊ नकोस. सोयीचं बघ म्हणालो ते खोटं होतं. मला इथे एकट्याला घर खायला उठतं. मशीनवर बसवत नाही, उठवत नाही. तू हाका मार, पाहिजे तेवढ्या मार, पण जाऊ नकोस."

मग हँडल खाली गेलं, अडखळत, अर्ध्यावर थांबून, आणि दार उघडलं. ती कोपर हँडलवर टेकवून उभी होती. वाळली होती. मास्तरांच्या मिशीवर भुसा होता, कपाळावर खडू आणि हातात सुटलेलं हँडल.

"शिंप्याकडून दार शिवून घेतलं की असंच व्हायचं," ती म्हणाली. तिची जीभ अजून थोडी जड होती.

लेकीला मात्र हसू आलं नाही. ती घाबरली होती. "आई, अगं आतून उघडतच नाहीये ते. यांच्या जागी तू असतीस तर? आणि हे घरात नसते तर? मी काय उगाच म्हणते का?"

ती उगाच म्हणत नव्हती. मास्तरांनी मान खाली घातली. "एक स्क्रू लावायचा राहिलाय फक्त," ते पुटपुटले. "बाहेर डबीत आहे. आत्ता लावतो."

"नंतर लावा. मला जायचंय."

"मग मी येते आत," लेक म्हणाली. "दार उघडंच ठेवू."

"कशाला? बाजूला व्हा दोघं."

ती काठी टेकत आत गेली. मास्तर बाहेर आले आणि तिने खांद्याने दार लोटलं. खटका बसला. लेक बापाकडे पाहत राहिली. आतून उघडणार नाही असं दार तिच्या आईने सगळं माहीत असून लावून घेतलं होतं.

"अहो," आतून आवाज आला. "आहात ना तिथे?"

"आहे."

उंबऱ्यात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. "मास्तर, माझा कोट झाला का? आज देतो म्हणाला होतात."

मास्तरांनी वळूनही पाहिलं नाही. सकाळपासून घरभर फिरणारे त्यांचे पाय दारासमोर खिळून राहिले होते. एक हात हँडलवर होता. गिऱ्हाईक थोडा वेळ थांबलं, काय चाललंय ते त्याला कळेना, आणि ते निघून गेलं.

बाहेर टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला.

"आई," लेक दाराजवळ येऊन म्हणाली. तिचा आवाज आता खाली आला होता. "तो विचारतोय. थांबवू की सोडू?"

आत बराच वेळ पाणी वाजत राहिलं. मग बंद झालं.

"बॅग काढून घे," ती म्हणाली. "आणि अहो, उघडा आता."