खुर्चीच्या पोटातला खडा

नादगुरूंनी तोंड उघडलं आणि काहीच ऐकू आलं नाही. हॉलमधली दोनशे माणसं भारावून गेली.

हॉल टायरच्या दुकानावरचा. खालून रबराचा वास वर यायचा, त्यावर उतारा म्हणून चारी कोपऱ्यांत अत्तराच्या बाटल्या उघड्या ठेवलेल्या. मधोमध चाकांवरचं सोनोग्राफीचं मशीन, शेजारी उंच टेबल, टेबलावर झोपवलेली एक बाई, आणि समोरच्या भिंतीवर मोठा पडदा. पडद्यावर करड्या रंगात त्या बाईचं पित्ताशय आणि त्यात एक पांढराशुभ्र खडा. नादगुरू एका हातात मशीनचा वायरवाला ठोकळा धरून, डोळे मिटून, आ वासून उभे होते. दाढ मोडलेला माणूस दंतवैद्यापुढे तोंड उघडतो तसे.

"ऐकू येत नाही ना?" माईकवाला शिष्य हलक्या आवाजात म्हणाला. "येणारच नाही. वीस हजार हर्ट्झच्या वरचा नाद आहे हा. माणसाच्या कानाची तेवढी लायकी नाही."

आपल्या कानाची लायकी नाही, हे सगळ्यांनी आनंदानं मान्य केलं.

चार मिनिटांनी पडदा जरासा लुकलुकला. पित्ताशय तिथेच होतं, खडा गायब. टाळ्यांचा कडकडाट. पहिल्या रांगेत बसलेले एक निवृत्त मुख्याध्यापक चष्मा काढून डोळे पुसायला लागले. या गृहस्थांनी तीस वर्षं मुलांना पेपरात ‘शास्त्रीय कारणे द्या’ असा प्रश्न घातला होता.

नादगुरूंनी तोंड मिटलं, गरम पाणी प्यायलं आणि माईक घेतला. "वटवाघूळ कुठल्या कॉलेजात शिकलं? डॉल्फिनला डिग्री कुणी दिली? तरी ते नादावर जगतात. डॉक्टर काय करतात, तर नादानं खडा बघतात आणि सुरीनं पोट फाडतात. अरे, जो नाद दाखवतो तोच विरघळवतोही. ज्याला शंका असेल त्यानं वर यावं. विज्ञानाला माझं उघड आव्हान आहे."

वर कुणी गेलं नाही. दोनशे भारावलेल्या माणसांसमोर शंका काढायची लाज वाटते, हे नादगुरूंना पक्कं ठाऊक होतं.

मीही हसून विषय सोडला असता. पण टेबलावर झोपलेली बाई माझी थोरली बहीण होती.

ताईच्या पित्ताशयात दोन खडे होते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की पित्ताशय सुजलंय, एखादा खडा घसरून नळीत अडकला तर कावीळ होईल, विष अंगभर पसरेल आणि मग आमच्याही हातात काही उरणार नाही. शुक्रवारची ऑपरेशनची तारीख मिळाली होती. ती मिळाल्यावर चौथ्या दिवशी ताई नादगुरूंकडे गेली. आज तिची दुसरी बैठक होती.

घरी आल्यावर पोटाला गरम पाण्याची पिशवी लावून ती म्हणाली, "उद्या हॉस्पिटलात फोन कर. शुक्रवारी येत नाही म्हणून सांग."

"का?"

"एक खडा गेला. तूच बघितलास ना पडद्यावर? परवा दुसरा जाईल."

"खडा गेला तर पिशवी कशाला लागते?"

"जाताना दुखतंच. गुरूंनी सांगितलंय तसं."

"ताई, मी रोज आठ तास काय करतो ते माहीत आहे ना तुला?"

"बॉयलरला जेली फासतोस," दाजी आतून म्हणाले. दाजी म्हणजे तिचा नवरा. त्यांना माझ्या नोकरीची चेष्टा करायला फार आवडतं.

तर माझी नोकरी अशी. बॉयलरच्या कारखान्यात मी वेल्डिंगचे जोड तपासतो. जोड वरून चकचकीत दिसतो, आत चीर असली तर बॉयलर फुटतो आणि माणसं मरतात. म्हणून कानाला न ऐकू येणारा आवाज लोखंडात सोडायचा. चीर असेल तर तो तिथून परत येतो आणि स्क्रीनवर रेघ उठते. पोटाच्या सोनोग्राफीचं तत्त्व तेच. आणि दोन्हीकडे एक गोष्ट लागते, ती म्हणजे जेली, तेल, ग्रीस, काहीतरी ओलं. ठोकळा आणि वस्तू यांच्यामध्ये कागदाएवढी हवा राहिली तरी आवाज जवळजवळ सगळा तिथूनच माघारी फिरतो. मी तपासनीस झालो त्या पहिल्या दिवशी जेली लावायला विसरलो आणि सगळा बॉयलर निर्दोष ठरवून बसलो होतो. साहेबांनी जे ऐकवलं ते वीस हजारांच्या खूप खालचं होतं, अख्ख्या शेडला ऐकू गेलं.

नादगुरूंचा ठोकळा ताईच्या कपड्यांपासून चार बोटं वर होता. जेलीचा थेंब नाही.

हे मी सांगितलं. ताईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"त्यांच्या नादाला जेली लागत नसेल."

"गिरणीत कापड तपासताना एका थानातला एक तुटका धागा तुला दहा हातांवरून दिसतो. आणि इथे…"

"इथे काय? शहाण्या, पोट माझं आहे."

मी हॉस्पिटलात फोन केला नाही, एवढंच.

तिसऱ्या बैठकीला मी पहिल्या रांगेत, मुख्याध्यापकांच्या शेजारी जागा धरली. ताई टेबलावर. पडद्यावर पित्ताशय, पित्ताशयात खडा. नादगुरूंनी डोळे मिटले, आ वासला. मी उठलो आणि वर गेलो.

"अहो, खाली बसा," शिष्य दबक्या आवाजात म्हणाला.

"आव्हान घ्यायला आलोय."

"आत्ता नाही. आत्ता नाद चालू आहे."

हीच तर सोय होती. नाद चालू असताना गुरूंना तोंड मिटता येत नव्हतं, म्हणजे बोलताही येत नव्हतं. मी त्यांच्या हातातून ठोकळा अलगद काढून घेतला. त्यांनी डोळे उघडले. तोंड उघडं होतंच. मी ठोकळा शेजारच्या रिकाम्या प्लास्टिकच्या खुर्चीवर टेकवला.

पडद्यावर पित्ताशय. त्यात खडा.

"मंडळी," मी म्हणालो, "या खुर्चीला खडा झालाय."

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. मी ठोकळा शिष्याच्या बुटावर धरला. बुटालाही तोच खडा. मुख्याध्यापकांच्या चष्म्याच्या डबीवर धरला. डबीलाही. पुन्हा खुर्चीवर ठेवला आणि घड्याळ बघत उभा राहिलो. चार मिनिटं झाली, पडदा लुकलुकला आणि खुर्ची ठणठणीत बरी झाली.

मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. एकट्यांनीच. मग हात मांडीखाली घेऊन बसले.

आता नादगुरूंना तोंड मिटावंच लागलं. मिटून लगेच उघडलं. माणूस कच्चा नव्हता. "ही साधी खुर्ची नव्हे. महिनाभर रोगी हिच्यावर बसले. त्यांचे खडे हिच्यात उतरले होते. आज हीसुद्धा मुक्त झाली."

आणि खरं सांगतो, तिसऱ्या रांगेतल्या दोघांनी खुर्चीला हात जोडले. तोवर मला मजा वाटत होती. ते जोडलेले हात बघितले आणि मजा संपली. जो माणूस खुर्चीचं पित्ताशय मानायला तयार आहे त्याला मी जेलीचं काय सांगू?

तेवढ्यात ताई टेबलावरून उतरली. कुणाशी बोलली नाही. खुर्चीवरचा ठोकळा तिनं उचलला, त्याची वायर चिमटीत धरली आणि वायरीवरून बोटं सरकवत मशीनच्या मागे गेली. गिरणीत ती धागा असाच धरते, टोक सापडेपर्यंत सोडत नाही. मागचं झाकण नुसतं टेकवलेलं होतं, ते गळून पडलं. वायरीचं टोक कापलेलं. एका खिळ्याला गाठ मारून ठेवलेलं.

"हे कशाला जोडलंय?" तिनं विचारलं.

"बाई, श्रद्धा ठेवा."

"ठेवली होती की. दोन बैठका ठेवली. आता विचारतेय, हे कशाला जोडलंय?"

कशालाच जोडलेलं नव्हतं. मशीनच्या पोटात एक जुना लॅपटॉप होता आणि तेवढाच काय तो चालू होता. त्याची एक वायर पडद्याकडे गेली होती, दुसरी नादगुरूंच्या पायाखालच्या सतरंजीत. सतरंजीखाली शिलाई मशीनला असतं तसं पायानं दाबायचं बटण. बटण दाबलं की कुणाच्या तरी सोनोग्राफीचं चित्रण सुरू व्हायचं. चार मिनिटं खडा असलेलं पित्ताशय, मग खडा नसलेलं. दोन चित्रणांना नावंही दिलेली होती, ‘आधी’ आणि ‘नंतर’. आम्ही ते वाचत होतो तोवर नादगुरू आणि शिष्य मागच्या दारानं उतरून गेले. नादगुरूंच्या चपला राहिल्या.

जिन्यात ताई मधल्याच पायरीवर बसली, पोट धरून.

मी म्हणालो, "चल, आता शुक्रवारी…"

"थांब. तू आज जिंकलास, कबूल. म्हणून मी तयार झाले असं समजू नकोस. याचं मशीन खोटं निघालं. त्यांचं खरं आहे कशावरून?"

"अगं, ते डॉक्टर आहेत."

"हा गुरू होता. तू सांगतोस म्हणून त्याला सोडायचं आणि तू सांगतोस म्हणून त्यांना धरायचं? आईला ऑपरेशनला आत नेलं तेव्हा तू आठ वर्षांचा होतास. कागदावर सही मी केली होती. सगळे पांढऱ्या कोटातलेच होते. काही होणार नाही म्हणाले होते. आई बाहेर आली नाही."

इतक्या वर्षांत ती हे कधी बोलली नव्हती. मी तिला अडाणी समजत होतो आणि ती घाबरलेली होती. डॉक्टर आहेत, हे तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हेच. मुख्याध्यापकसुद्धा मुख्याध्यापक होतेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी तिला घेऊन हॉस्पिटलातल्या सोनोग्राफीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. खाली मान घालून म्हणालो, "मॅडम, काल एका गुरूचं मशीन खोटं निघालं. आता हिला तुमच्या मशीनवर संशय आहे."

मला वाटलं, चिडतील. त्यांनी पडदा ताईच्या बाजूला वळवला आणि पोटावर जेली घातली.

"कशावरून खरं, असंच ना? बघा पडद्याकडे. काय हलतंय?"

"हे काळं, नाशपातीसारखं. खाली-वर होतंय."

"तुमचं पित्ताशय. आता दीर्घ श्वास घ्या आणि रोखा."

ताईनं श्वास रोखला. पडद्यावरचं पित्ताशय जिथल्या तिथे थांबलं. तिनं श्वास सोडला, ते हललं. मग डॉक्टरीणबाईंना न विचारता तिनं अर्ध्यावरच श्वास रोखला. चित्र अर्ध्यावर थांबलं. तीन-चारदा तिनं असं केलं, गिरणीत तपासते तसं, कपाळाला आठ्या घालून.

"डाव्या कुशीवर वळा."

ती वळली आणि पित्ताशयाच्या तळाशी बसलेले दोन पांढरे खडे हळूच घरंगळले.

"माझेच आहेत," ताई म्हणाली. मग विचारलं, "ऑपरेशनमधून किती बायका परत येत नाहीत?"

"हजारात एखाददुसरी. तुमची सूज वाढली तर जास्त. शून्य असं मी सांगणार नाही."

"त्या गुरूनं शंभर टक्के गुण येईल म्हणून सांगितलं होतं."

"त्याला सोपं आहे."

ताईनं उठून पोटावरची जेली पुसली आणि म्हणाली, "ऑपरेशनचे कागद आणा. माझी सही मीच करते."

शुक्रवारी दोन तासांनी तिला बाहेर आणलं. शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा तिनं खडे मागितले. हातात घेतले, मोजले, दोन भरले. आता ती गिरणीत कामावर जाते. नादगुरू दुसऱ्या गावात आहेत. सध्या गुडघे दुरुस्त करतात म्हणे, आणि गर्दी तिथेही आहे.

त्या गर्दीला मला एवढंच सांगायचंय. माझ्यावर विश्वास ठेवू नका. मी बॉयलरला जेली फासणारा माणूस. डॉक्टरांवरही नुसता कोट बघून ठेवू नका. पण जो तुमच्या पोटातलं दाखवतो म्हणतो त्याच्यापुढे श्वास रोखा आणि पडद्याकडे बघा. त्याला विचारा, वायर कुठे जाते? किती जण बरे झाले नाहीत? खरं काम करणारा उत्तर देईल, नाहीतर माहीत नाही म्हणेल. ज्याला प्रश्नाचाच राग येतो त्याच्या टेबलावरून उतरा आणि घरी या. उतरायला पायात ताकद आहे तोवर उतरा.