मेजावरची फुली

बेइशेन कोच्कोरच्या बाजारातून परतला तेव्हा त्याच्या हातात पुठ्ठ्याचा खोका होता आणि फाटकाशी गावातले तीन म्हातारे उभे होते. तीन म्हातारे मिळून दारात आले की गावात कुणाला काही सांगावं लागत नाही. त्यांतल्या थोरल्यानं त्याचा हात धरला. "कंबर घट्ट बांध, बाळा," म्हणाला. सकाळी त्याची बायको बुरुल डोकं दुखतंय म्हणून जरा पडली होती. ती उठलीच नाही.

बेइशेननं खोका खिडकीत ठेवला.

खोक्यात दोन अडॅप्टर होते. एक राउटरशेजारच्या प्लगमध्ये लावायचा, दुसरा अंगणापलीकडच्या स्वयंपाकाच्या खोलीत. घरातल्या विजेच्या तारांमधूनच नेट तिकडे जातं, असं दुकानदार म्हणाला होता. मातीच्या हातभर जाड भिंतींपुढे वायफायचं काही चालत नसे. मुलगी नुरझात कोरियात कारखान्यात कामाला. कणीक मळता मळता तिच्याशी बोलता यावं म्हणून बुरुल सहा महिने मागे लागली होती. तिथल्या कणकेच्या मेजाच्या वर भिंतीवर तिनं पेन्सिलनं फुली मारून ठेवली होती. "प्लग इथं हवा. खाली पीठ उडतं."

"बसवतो की," तो म्हणायचा.

नुरझातला सुट्टी मिळाली नाही. सातव्या दिवशी बायकांनी बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळायला घेतले. या तळणीचा वास गेलेल्या माणसापर्यंत पोचतो. बेइशेननं फोन समोर धरला, पण पोरीला कढईचा कान दिसला आणि चित्र थिजलं.

"बाबा, चाळिसाव्याला तरी दाखवा," ती नंतर म्हणाली. "पहिला घाणा तेलात पडताना मी असायला हवी."

"बरं," बेइशेन म्हणाला.

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्यानं दोन्ही अडॅप्टर लावले. त्यांवरचे दिवे लागले, नेट आलं नाही. काढले, पुन्हा लावले. कणीक फुगून वर आली होती. त्याला राग आला नाही, काहीच आलं नाही. तो स्टुलावर बसून राहिला.

बुरुलचा धाकटा भाऊ एमिल वायरमन होता. तो आला, खाली वाकून बघितलं.

"दाजी, हे स्टॅबिलायझरमध्ये का खुपसलंय?"

"तुझ्या ताईचा नियम. मागं विजेचा दाब वाढून फ्रिज जळाला होता. तेव्हापासून थेट भिंतीत काही लावायचं नाही."

"अहो, तो डबा वीज गाळतो, तसं नेटही गाळतो. राउटरकडचंही तसंच?"

"तसंच."

"कमाल आहे. ती होती तोवर तिचं एक ऐकलं नाहीत, आणि आता ऐकताय होय?"

बायका कणकेकडे वळल्या. एमिलचं तोंड उतरलं. बेइशेन म्हणाला, "खरं आहे," आणि राउटरकडचा अडॅप्टर भिंतीत लावायला निघून गेला.

तो परत आला तर एमिल फ्रिजपाशी उभा होता. खोलीत भिंतीतला प्लग एकच, त्यात फ्रिजचा स्टॅबिलायझर. "फ्रिज बंद करावा लागेल, दाजी."

"कर."

हिरवा दिवा लागला. नुरझात दिसली, कारखान्याच्या निळ्या कोटात, कसल्याशा जिन्यात बसलेली. बुरुलच्या बहिणीनं पहिला घाणा तेलात सोडला. तेल चरचरलं.

"ऐकू येतंय," नुरझात म्हणाली. "आईचा झारा ना तो?"

"तिचाच."

मौलवीनं दुआ म्हटली. इकडे सगळ्यांनी हात तोंडावरून फिरवले, तिकडे तिनंही फिरवले. मग तिची कामातली मधली सुट्टी संपली.

पाहुणे जेवून गेले. फ्रिजमधल्या मांसाला पाणी सुटलं होतं. बेइशेननं अडॅप्टर काढला, स्टॅबिलायझर परत लावला, फ्रिज सुरू केला. स्वयंपाकाच्या खोलीतलं नेट गेलं.

फुलीच्या जागी प्लग बसवायचा राहिला आहे.