उरलेल्या गोळ्या

“मोठीमाय, तुह्याजवळ ती लाल-पिवळी गोळी आहे का वं?”

गालाला पदर दाबून शेजारची चंदा दारात उभी होती. दाढ अशी सुजलेली, की शब्दसुद्धा तोंडातून वाकडे होऊन बाहेर पडत होते.

सत्यभामाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. एकोडीच्या त्या गल्लीत या डब्याला मान होता. घरात कुणी तापाने पडलं आणि डॉक्टरने गोळ्या दिल्या, की अंगातला ताप उतरेपर्यंत त्या खायच्या. उरलेल्या या डब्यात जायच्या. जुन्या लुगड्याची गोधडी करणारी, रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देणारी ही बाई. चांगल्या गोळ्या ती वाया कशा जाऊ देईल? नावं वाचता येत नव्हती, पण ओळख पक्की होती. ही कैलाशच्या खोकल्याची, ही सूनबाईच्या बाळंतपणातली, ही गेल्या रोवणीत धान लावताना हात पिकला होता तेव्हाची.

“एक आता खा, एक जेवल्यावर. नाही उतरली तं सकाळी येजो.”

“आता दारावर पाटी लाव, डाक्टरीनबाई,” खाटेवरून तिचा नवरा गोमाजी म्हणाला. “मी कंपाउंडर बनतो.”

“तुम्ही चूप राहा. कंपाउंडरानं आपला पाय पाह्यला का?”

चंदा सुजल्या गालानेच हसली आणि गेली.

गोमाजीच्या टाचेत धान कापताना धसकट घुसलं होतं. धानाच्या बांधीत उभ्या जन्मात किती धसकटं टोचली असतील! हळद भरली आणि तो पुन्हा विळा घेऊन वाकला. पण या वेळी टाच लाल झाली, मग घोटा सुजला, मग ताप चढला. तेव्हा सत्यभामाबाई त्याला सानगडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने जखम धुतली, गोळ्यांचं पाकीट दिलं आणि बजावलं, “बरं वाटलं तरी सोडाच्या नाहीत. संपेपर्यंत खाजा.”

ताप लवकरच उतरला. गोमाजीने पोटावर हात फिरवला. “या गोळीनं तोंड कडू होऊन राहिलं वं. भात गोड लागत नाही.”

“ताप आहे का?”

“कायचा ताप? ठणठणीत आहो.”

“मंग बस झालं. बाकीच्या ठेवून देतो. कोणाच्या कामी येतील.”

अर्धं पाकीट डब्यात गेलं. मळणीचं यंत्र गावात आलेलं, कापलेल्या धानाची पुंजणी वाट पाहत होती. गोमाजी अनवाणीच खळ्यावर गेला. यंत्राच्या धुरळ्यात दिवसभर उभा राहिला आणि पोती घरात आली तेव्हा खाटेवर आडवा झाला. टाच पुन्हा ठणकत होती.

ती पहिली गोळी काही लागू पडली नाही, असं सत्यभामाबाईला वाटलं. तिने डब्यातून सूनबाईच्या मोठ्या पांढऱ्या गोळ्या काढल्या. त्या संपल्या तेव्हा रोवणीतल्या हाताच्या लाल-पिवळ्या गोळ्या दिल्या. ताप उतरायचा आणि परत यायचा. “उद्या जाऊ सानगडीले,” ती म्हणायची. “कालच्यापेक्षा आज बरं वाटते मले,” तो म्हणायचा. एका सकाळी तो थंडीने असा कुडकुडू लागला, की खाट वाजायला लागली. नडगी काळीनिळी झाली होती. ती पाहून तिच्या हातातली वाटी सुटली.

थोरला कैलाश भंडाऱ्यात ऑटो चालवायचा. फोन गेला तसा तो ऑटो घेऊन धावत आला आणि बापाला त्याच ऑटोत घालून भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला. रस्ताभर सत्यभामाबाईने गोमाजीचा पाय मांडीवर धरला होता.

तिथल्या रश्मी डॉक्टरीणबाई वयाने तिच्या सुनेएवढ्या. त्यांनी पाय पाहिला, रक्त काढलं, सलाईन लावली. मग तिला बाकावर बसवून विचारलं, “आजी, आधी कोणत्या गोळ्या दिल्या होत्या?”

“पिवळी दिली. मंग घरच्या डब्यातली पांढरी दिली. मंग लाल-पिवळी.”

“पूर्ण दिल्या?”

कैलाश मान खाली घालून चपलेचा अंगठा चाचपत राहिला.

तपासणीचा कागद आला तेव्हा बाईंनी तो वाचून दाखवला नाही, समजावून सांगितलं. “जंतू रक्तात गेलेत, आजी. जी औषधं आपण नेहमी देतो, त्यांना हे जंतू आता जुमानत नाहीत. दुसरं भारी इंजेक्शन सुरू केलंय. पण उशीर झालाय.”

“मी मारलं का त्यायले?”

“असं नका म्हणू. असे जंतू आता सगळीकडेच सापडतात. एकट्या तुमच्या डब्यात नाही झाले ते.”

बाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. सत्यभामाबाईला मात्र आपली बांधी दिसत होती. निंदणाला येणाऱ्या पोरींवर ती किती ओरडायची! ‘वरवर नोको ओढू वं, मुळासकट काढ. अर्धं ठेवलेलं तण दुप्पट होऊन येते.’ हे तिला माहीत होतं. सगळं माहीत होतं.

गोमाजी मधूनमधून शुद्धीवर यायचा. सिस्टर सुई टोचायला आली, की डोळे किलकिले करून पाहायचा. एकदा बायकोला हळूच म्हणाला, “ही पोरगी काही उरवत नाही वं. पुरं देऊन टाकते.”

ती हसायला गेली आणि तोंडात पदर कोंबला.

“रडून काहून राहिली? तुह्या डब्यानं अख्ख्या गल्लीले बरं केलं. चंदाची दाढ बसली का?”

“बसली.”

“मंग?” तो म्हणाला, आणि जणू सगळा हिशेब चुकता झाला अशा समाधानाने त्याने डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाचे डबे घेऊन लोक वॉर्डात येत असताना, तो गेला.

तेरवी झाली. कैलाश भंडाऱ्याला परतला. “चाल न माय माह्यासंगं,” तो म्हणत होता, पण ती गेली नाही. डबा फळीवर तसाच होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

मग एका सकाळी चंदा आली. कडेवर तिची लेक खुशबू, पोरीच्या मानेवर हे एवढं गळू, अंग तापलेलं. चंदा दारातच घुटमळली. “मोठीमाय, तुह्या घरी असं झालं न मी मागाले आली. पण पोरगी रातभर झोपली नाही. एखादी गोळी आहे का?”

सत्यभामाबाई उठली. सवयीने हात फळीकडे गेला. झाकण उघडलं. सगळ्यात वर गोमाजीचं पाकीट होतं, अर्धे खळगे फुटलेले, अर्धे भरलेले. चंदाने तळहात पुढे केला.

सत्यभामाबाईने झाकण लावलं आणि पायात चपला घातल्या.

“चाल सानगडीले.”

“कायले वं? एका गोळीचं तं काम आहे.”

“मले नोको विचारू, चंदा. चाल.”

डॉक्टरने गळू फोडलं, औषधाची बाटली दिली. त्या दिवसापासून सत्यभामाबाई सकाळ-संध्याकाळ चंदाच्या ओसरीवर हजर. खुशबू बरी झाली, कोंबड्यांमागे धावू लागली, चमचा दिसला की पळू लागली.

“बरी तं झाली न आता,” चंदा वैतागली. “काहून छळतेस पोरीले?”

“आहे तोवर पाजाचं.”

शेवटचा चमचा पोरीने तोंड वाकडं करून गिळला. सत्यभामाबाईने बाटली उजेडात धरून पाहिली. तळाशी काही नव्हतं. बाटली धुऊन तिने ओसरीच्या कठड्यावर उपडी ठेवली.

घरी आल्यावर तिने डबा काढला. गोळ्या फडक्यात बांधून बाजूला ठेवल्या, उद्या आरोग्य केंद्राची आशाताई आली की तिला द्यायच्या म्हणून. फक्त एक पाकीट तेवढं मागे राहिलं.

गोमाजीच्या खाटेवर ती बसली. फुटलेल्या खळग्यांवरून बोट फिरवत गेली. इथे त्याने अंगठ्याने दाबलं होतं, इथेही, इथेही. मग बोट पहिल्या भरलेल्या खळग्यावर आलं. तिने तिथेच अंगठा टेकवला, आणि दाबला नाही.