थोडा वेळ म्हणजे किती

नंदकिशोर सबनीसांनी वेळेवर उत्तर न दिलेलं पत्र सबंध आयुष्यात एकच, आणि ते त्यांनी शब्दकोशांच्या मागे दडवून ठेवलं होतं. उत्तर द्यायचं ते विसरले नव्हते, त्यांना त्या पत्राचाच संशय आला होता.

शाळेतून निवृत्त झाल्यावर सबनीस मुलुंडच्या घरी बसून एका आरोग्य मासिकासाठी डॉक्टरांच्या इंग्रजी लेखांचं मराठी करत. शहाऐंशीच्या ऑगस्टच्या अंकात घाटकोपरच्या डॉक्टर नीलाबाईंचा लेख होता. मधुमेहामुळे काही पुरुषांना ताठरता येत नाही, त्यावर परदेशात एक हातपंप निघाला आहे. प्लास्टिकची नळी लिंगावर बसवायची, पंपाने आतली हवा ओढून घ्यायची, रक्त भरून ताठरता आली की बुडाशी रबराची कडी सरकवायची आणि नळी काढून घ्यायची. एवढं मराठीत आणताना सबनीसांना घाम फुटला होता. मासिकात अनुवादक म्हणून त्यांचं नाव छापून यायचं, शिवाय मजकूर जुळवायला छापखान्यात मुली होत्या.

सप्टेंबरच्या अखेरीस ते पत्र आलं. मासिकाच्या कचेरीनेच ते पुढे धाडलं होतं.

‘साहेब, आपला लेख वाचला. गिरणीत मी फिटर होतो, संपानंतर घरीच आहे. मला साखरेचा आजार आहे. सायकलच्या पंपातला चामड्याचा वायसर उलटा बसवला की पंप हवा भरायच्या ऐवजी ओढतो. त्याला दिव्याची उभी काच जोडली आहे. कडी सायकलच्या ट्यूबची कापली. काम होतं, पण जागा निळी पडते. लेखात कडी थोडा वेळ ठेवावी असं आहे. थोडा वेळ म्हणजे किती? दिवाळीला बायको गावाहून येणार. उत्तर पाकिटातून द्यावे, कार्ड नको, इथे कार्ड सगळे वाचतात.’

खाली नाव नव्हतं. भांडुपच्या एका सायकल दुकानाचा पत्ता आणि ‘का.’ एवढंच अक्षर.

नाव नाही म्हटल्यावर सबनीसांची शंका लगेच तळमजल्यावरच्या बाळाकडे वळली. बाळा हा सोसायटीचा सेक्रेटरी. लेख छापून आला त्या आठवड्यात त्याने जिन्यात सगळ्यांसमोर विचारलं होतं, “काय लेखक, पंक्चरचं दुकान काढलंत म्हणे? आमचीही हवा बघा की जरा!” चार माणसं हसली होती. सबनीस मान खाली घालून वर आले होते.

मग त्यांनी चोरासारखं खाली जाऊन सूचनाफळ्यावर लावलेली पाणीकपातीची नोटीस वाचली. बाळाचं अक्षर. तीच निळी शाई, तीच उजवीकडे झुकलेली ओळ. उत्तर दिलं की ते पुढच्या मीटिंगमध्ये मोठ्याने वाचलं जाणार, हे त्यांना अगदी दिसू लागलं. पत्र शब्दकोशांमागे गेलं. तरी रोज दुपारी ते बाहेर काढायचे, वाचायचे, पुन्हा ठेवायचे. निळी पडते. बाळाला हे कसं सुचेल? पण बाळाला काय वाटेल ते सुचतं.

दिवाळी दहा दिवसांवर आली आणि त्यांच्या पत्नी कुंदाताईंनी कपाटं आवरायला काढली.

“हे काय आहे?” आंतर्देशीय पत्र हातात धरून त्या दारात उभ्या राहिल्या. “कोण बाई आहे ही?”

“बाई नाही गं. थट्टा आहे. त्या बाळाची.”

“थट्टा एवढी जपून ठेवतात?” त्यांनी चष्मा लावून पत्र वाचलं. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वाचलं. सबनीस खिडकीबाहेर बघत राहिले.

“बाळाने लिहिलंय म्हणता? अहो, गेल्या रविवारी त्याच्या मोरीतला नळ गळत होता, त्याला प्लंबर बोलवावा लागला. वायसर उलटा बसवायचं त्याच्या डोक्यात तरी येईल का?”

सबनीसांनी पत्र परत हातात घेतलं. आपण अक्षर तपासलं, शाई तपासली. मजकूर मात्र कधी तपासलाच नाही.

“आणि काय हो,” कुंदाताई म्हणाल्या, “थोडा वेळ म्हणजे किती? डॉक्टरीणबाईंनी लिहिलं नव्हतं?”

लिहिलं होतं. अख्खा परिच्छेद होता. तो सबनीसांनी गाळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते घाटकोपरला दवाखान्यात जाऊन बसले. नीलाबाईंनी पत्र वाचलं आणि टेबलावर ठेवलं.

“लेखाचा शेवट कुठे गेला, नंदकिशोरराव?”

“छापखान्यात मुली आहेत. मला वाटलं...”

“त्या मुलींना भावंडं आहेत, लग्नं झालीत. लाज तुम्हाला वाटली.” त्या चिडल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं. “पत्र कधीचं आहे?”

“महिना होत आला.”

“महिना! साखर असलेल्या माणसाला तिथे दुखलेलं नीट कळत नाही. आणि हा काच वापरतोय. लिहा.”

सबनीसांनी वही काढली. या खेपेला एकही शब्द गाळला नाही. संध्याकाळी घरी बसून त्यांनी स्वच्छ अक्षरात उत्तर लिहिलं.

‘स. न. तुमचा पंप आजच बंद करा. काच फुटली तर तुकडे आत रुततील. वैद्यकीय पंपाला एक झडप असते, ओढ मर्यादेपलीकडे गेली की ती आपोआप हवा आत घेते. तुमच्या पंपाला ती नाही, म्हणून जागा निळी पडते. असा पंप डॉक्टरांकडून समजून घेऊनच वापरावा. नवख्याने आधी कडीशिवाय सवय करावी. पाण्यात विरघळणारी जेली लावावी, दोनतीनदा ओढून थांबावं, घाई करू नये. दुखलं, बधिर झालं, गार पडलं की लगेच हवा सोडावी. कडी अर्ध्या तासाच्या वर कधीही ठेवू नये आणि ती लावून झोपू नये. सायकलची ट्यूब नको. सहज निघेल अशीच कडी हवी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप मुळीच वापरू नये. डॉक्टर नीलाबाई सोमवारी घाटकोपरच्या दवाखान्यात भेटतील, साखर तपासतील. नाव सांगायची गरज नाही, हे पत्र दाखवा. बायको आली की तिलाही सांगा, एकट्याने सोसू नका.’

इथे ते थांबले. मग खाली लिहिलं: ‘वेळेची मर्यादा मूळ लेखात होती. संकोचामुळे ती मी गाळली आणि “थोडा वेळ” असं लिहिलं. तुमचं पत्र खोटं समजून उत्तरही दिलं नाही. दोन्ही चुका माझ्या. गाळलेला मजकूर पुढच्या अंकात छापायला दिला आहे.’

पाकिटाच्या मागे त्यांनी स्वतःचं पूर्ण नाव आणि पत्ता घातला. कुंदाताईंनी तिकीट चिकटवलं.

कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीपाशी नेमका बाळा उभा. भाजीची पिशवी सावरत त्याने पाकिटाकडे मान वाकडी केली.

“काय लेखक, प्रेमपत्र? भांडुपात कोण आहे?”

“वाचक आहे,” सबनीस म्हणाले. आवाज थोडा चिरकला. “त्याने प्रश्न विचारलाय. त्या पंपाचा. तुला काही विचारायचं असेल तर वर ये, डॉक्टरांनी सगळं नीट सांगितलंय.”

बाळा हसायला गेला, पण हसला नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं. “किती वाजता असता घरी?” त्याने हळूच विचारलं.

सबनीसांनी त्याच्याकडे पाहिलं. जुनी शंका पुन्हा डोकं वर काढू लागली: हा खरंच विचारतोय की पुढच्या मीटिंगची तयारी करतोय? काही कळेना.

“चारनंतर,” ते म्हणाले, आणि पाकीट पेटीत टाकलं.