चार बोटं ऊन

पलकने हात लांब करून बोटं आडवी धरली. डोंगराच्या कडेपासून सूर्यापर्यंत चार बोटं बसली. एक बोट म्हणजे साधारण पाव तास, हे कडूबामामांनी सकाळीच शिकवलं होतं. म्हणजे दिवस मावळायला एक तास होता.

जाफराबादच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला अकरा मुलांचं रानशिबिर चाललं होतं. कडूबामामा वनखात्यातून निवृत्त झालेले. काडेपेटी नाही, घड्याळ नाही, तरी रानात कसं निभवायचं ते मुलांना शिकवत. आज दुसरी संध्याकाळ. गारगोटीवर लोखंडी पट्टी मारून ठिणगी पाडायची, आपली चूल आपणच पेटवायची आणि तिच्यावर आपली खिचडी शिजवायची. बाकीच्यांना घाई नव्हती. आठ वाजोत नाही तर नऊ. पलकच्या जैन घरात मात्र सूर्य बुडाला की अन्न बंद, पाणीही बंद. शिबिराला पाठवताना आजीने, संतोषबाईंनी, तेवढं एकच वचन घेतलं होतं.

काल शिबिराचा स्वयंपाक करणाऱ्या बेबीनंदामावशींनी तिला पाच वाजताच वाढलं होतं. आजही वाढतील, तू निवांत शीक, असं मामांनी सांगून पाहिलं. पलक नाही म्हणाली. मावशींच्या हातचं खाऊन बसलं तर आपली चूल पेटली काय अन् न पेटली काय, सारखंच. पेटली तर जेवायचं, नाही तर सकाळपर्यंत उपाशी. तिचं ठरलं होतं.

सरपण गोळा करून झालं तसं बाकीच्यांनी चुली रचल्या. पलक मात्र एकेक काटकी दगडावर आपटत बसली. आजी घरी तसंच करते, लाकडात मुंगी, किडा असेल तर आधी बाहेर पडावा म्हणून. शेजारच्या चुलीवरून आर्यन बघत होता.

"ए पलक, लाकडांची हाजरी घेऊन राह्यली का?"

"हो. मुंगी हजर निघाली की लाकूड परत."

सगळे हसले. एका जाड फांदीतून वाळवीच बाहेर आली. सगळ्यात चांगली फांदी ती, पण पलकने उचलली आणि होती तिथे, झुडपाखाली नेऊन ठेवली. आपटता आपटता तिला एक गोष्ट कळली: कोरडी काटकी खणकन वाजते, ओली दबका आवाज करते. दबक्या तिने बाजूला काढल्या. हे सगळं होईपर्यंत सूर्य दोन बोटांवर आला.

मामांनी प्रत्येकाला डबीतून जळक्या कापसाच्या तीन चिमट्या दिल्या होत्या. पहिल्या चिमटीवर ठिणगी पडलीच नाही. पट्टी निसटून पलकचं बोट सोलवटलं. दुसरीवर पडली, लाल ठिपका दिसला, आणि आनंदाने तिने एवढ्या जोरात फुंकर घातली की कापूसच उडून गेला. मामा शेजारीच बसले होते. त्यांनी हात पुढे केला नाही.

"जोर नको, बाई," ते म्हणाले. "लेकराचं दूध निववतात ना, तशी फुंकर घाल."

तिसरी चिमूट. सोलवटलेलं बोट वर धरून तिने पट्टी मारली. लाल ठिपका वाळक्या गवताच्या घरट्यात ठेवला आणि दूध निववत राहिली. पांढरा धूर आला, दाट झाला, आणि गवताने पेट घेतला.

तिने हात लांब केला. एकच बोट.

खिचडीला अर्धा तास तरी लागणार. क्षणभर ती भिजवलेल्या डाळ-तांदळाकडे बघत राहिली. मग पातेलं सारून तिने स्टीलचा पेला घेतला. उद्याच्या भाकरीसाठी ज्वारीचं पीठ मिळालं होतं, त्यातलं दोन चमचे पेलाभर पाण्यात कालवलं, मीठ टाकलं आणि पेला चुलीवर ठेवला. थंडीत आजी घोटते ती राब. कोरड्या काटक्या तडतडत जळत होत्या. ढवळता ढवळता राब खदखदली. जीभ भाजत तिने ती संपवली, वर गटागटा पाणी प्यायली आणि बाटलीचं झाकण लावलं. सूर्याची तेवढी वरची कड उरली होती. तीही गेली.

"पोट भरलं का गं?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. पण जेवण झालं."

आर्यन अजून धुरात खोकत होता. ओढ्याकाठून भरभर उचलून आणलेलं त्याचं सरपण आतून ओलं होतं. पलकने आपल्या चुलीतला निखारा चपट्या दगडावर घेऊन त्याच्याकडे नेला, बरोबर आपले डाळ-तांदूळही. त्याने आपला ढीग पुढे ओढला आणि एकेक काटकी दगडावर आपटायला बसला. कानही लावू लागला.

पलक मामांजवळ आली. पोट अर्धवटच भरलं होतं, बोट चुरचुरत होतं. तिने मामांच्या हातातल्या डबीकडे पाहिलं.

"उद्या मला एकच चिमूट द्या," ती म्हणाली.